उसनं बोट

१९ एप्रिल, भरे

आज पहाटे आम्ही दोघं कैलासगडावर. कैलासाला जायच्या आधी कैलासगड, हा ह्यांचा हिशोब. रोज धरणाच्या रस्त्यानं चालतोय, आता चढायची सवय हवी म्हणे. मी मागे पडणार असं घरात सगळ्यांनी धरलेलं. मागे पडले ते हे. कड्याखालच्या वळणावर बसले, छातीवर हात, ओठ कोरडे. मी पाणी पुढे केलं तर म्हणाले, "काल भजी लई झाली. गॅस हाय."

काल घरात भजी केलीच नव्हती.

वर पिंडीला हात जोडले. खाली मुळशीचं पाणी लांबवर पसरलेलं. ह्यांनी फोटो काढला, तो हललेला आला. घरी सुनेला सांगितलं, "तुझी सासू लई दमली बघ." 

२६ एप्रिल

मावंद्याची तारीख काढली ह्यांनी! ७ जून, भाताची रोपं टाकायच्या आत. आजेसासरे काशीहून आले तेव्हा अख्ख्या गावाला जेवण घातलं होतं, तसं घालायचं. आचारी ठरला, मांडव ठरला. गावाच्या ग्रुपवर पत्रिकापण गेली: 'कैलास-मानसरोवर परिक्रमा पूर्ण केल्याप्रीत्यर्थ.' अजून बॅगेत एक पायमोजा भरलेला नाही.

थोरले भावजी ओट्यावर बसून म्हणाले, "आरं आधी जाऊन तर ये. मावंदं आल्यावर घालत्यात."

हे म्हणाले, "मी माघारी फिरनारा गडी न्हाई, दादा."

सगळे हसले. मला नाही हसू आलं. तिथं दम लागला तर? हा माणूस आता पत्रिकेसाठी चढणार.

४ मे

पौडला बांगड्या भरल्या, हिरव्या. सून म्हणत होती, जाकिटाच्या बाहीत अडकतील, दोन-दोनच घाला. ऐकलं नाही. कासारीण म्हणाली, "लांब जाताय, जरा घट्ट भरते. म्हंजी एकबी वाढायची न्हाई." बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. हात सोलवटला, पण बरं वाटलं.

डॉक्टरच्या दाखल्यासाठी हे एकटेच गेले. मी येते म्हटलं तर "तुझं काय काम तितं?" मी गेले असते तर गडावरचं सांगितलं असतं. म्हणूनच नेलं नाही. दाखला खिशात घालून शीळ वाजवत आले.

१३ मे, काठमांडू

आमच्या गटाचा वाटाड्या पासांग, नेपाळी. हसरा आहे पण डोळे फार बारकाईनं बघतात. त्यानं एक चिमटा दाखवला, बोटाला लावायचा. रक्तात हवा किती ते आकड्यात दिसतं. रोज संध्याकाळी सगळ्यांचं बघणार. आकडा फार खाली गेला की परिक्रमा बंद, माघारी. "उसमें मेरी नहीं चलती, आपकी भी नहीं," म्हणाला.

ह्यांचा चेहरा एकदम पडला. माझ्याच लक्षात आलं फक्त.

खोलीत माणच्या वत्सलाताई आहेत आमच्याबरोबर. त्यांच्या शेतावर आता आयटीवाल्या पोरांच्या खोल्या. मालक गेले त्यांचे, चारेक वर्षं झाली. कसे गेले विचारलं तर म्हणाल्या, "गॅस हाय, गॅस हाय करत गेलं बघा." मी विषय बदलला.

१६ मे, केरुंग

सरहद्द ओलांडली. पुलापलीकडे सगळ्या पाट्या चिनी, घड्याळसुद्धा पुढं ढकललं. इथपर्यंत झाडं आहेत, हवा आहे. उद्यापासून नाही म्हणे.

प्रवासात बायकांची मोठी पंचाईत. आडोसा कुठंच नाही. म्हणून सगळ्या पाणीच पीत नाहीत. पासांग ओरडतो, पाणी प्या, नाहीतर डोकं धरेल. वत्सलाताई म्हणाल्या, "त्याला काय जातंय वरडायला, त्यो गडीमानूस." खूप हसलो. आजचा दिवस बरा गेला. हे पण जेवले.

१८ मे, सागा

काय करून बसले मी.

केरुंगहून येताना एक उंच खिंड लागली. तिथून ह्यांचा खोकला सुरू झाला. कोरडा, कुत्रं भुंकल्यासारखा. उतरल्यावर जिना चढले तर मधल्या पायरीवर थांबले, मोबाइल बघायचं नाटक केलं. मी जवळ गेले तर हळूच म्हणाले, "आज चिमट्याला तू बोट दे."

मला कळेचना.

"माझ्या गोधडीतनं तुझा हात भाईर काढ. लाइट न्हाई, कुनाला दिसतंय? एकदा आकडा चांगला लागला की झालं. उद्या मी ठीक हुतोय."

"अवो, असं कसं करता येतंय?"

"मग ग्रुपवर काय लिव्हू? म्हाताऱ्याला धाप लागली, मावंदं रद्द?"

वीज नव्हतीच. खिडकी एवढीशी. पलंग एकाला एक चिकटून, सगळे गळ्यापर्यंत गोधड्या घेऊन पडलेले. पासांग बॅटरी घेऊन एकेकाजवळ. मी डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या, वरून बाही ओढली आणि हात ह्यांच्या गोधडीतून बाहेर काढला. माझे हात शेतातले, बाप्याच्या हातासारखेच खरखरीत. पासांग म्हणाला, "वाह दादा, बढ़िया." मग माझ्याकडे आला. मी उजवा दिला. "दोनों एकदम बराबर!"

हे गोधडीत हसले. हसताना खोकला आला, तो उशीत दाबला.

माझ्यामुळे आता ह्यांचा खरा आकडा कुणालाच माहीत नाही. मलाही नाही.

१९ मे, सागा

आज मुक्काम इथंच, हवेची सवय व्हावी म्हणून. सकाळी टेकडीवर चालायला नेलं सगळ्यांना. हे गेले नाहीत. पाय मुरगळला म्हणाले. खोटं. दिवसभर झोपून. जेवणाचं ताट तसंच. तोंडाला चव नाही, डोकं ठणकतंय, पण पासांगला सांगायचं नाही.

"आपण त्याला सांगितलं पाहिजे," मी म्हटलं.

"तू तोंड उघडलंस तर मी तुझ्या हातचं पानी प्यायचो न्हाई."

संध्याकाळी उद्यासाठी मोठी गाडी ठरवायच्या गडबडीत पासांगनं चिमटा लावलाच नाही. सुटले म्हणून देवाला हात जोडले. मग वाटलं, आपण कशातून सुटलो? लावला असता तर बरं झालं असतं. दोन्ही खरं वाटतंय. मला घरी जायचंय.

वत्सलाताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मालकांचं काय बिनसलंय व्हय?" मी म्हटलं, "गॅस हाय." माझंच बोलणं ऐकून अंगावर काटा आला. त्या बघत राहिल्या फक्त.

२० मे, मानसरोवर, दुपार

सरोवर दिसलं. इतकं निळं पाणी मी कधी पाहिलं नाही. लांब कैलास, वर पांढरा आणि एक काळी रेघ उतरलेली. गाडीतले सगळे रडत होते. मी पण रडले, पण मी भीतीनं.

आत उतरून अंघोळ करू देत नाहीत. बादलीनं पाणी आणून काठावर डोक्यावर घेतलं. ह्यांनी मावंद्याला वाटायला कॅन भरून घेतला. कॅन उचलताना गुडघ्यावर बसले ते बसलेच. ओठ जांभळे. आमच्याकडे पोरं पिकलेली जांभळं खाऊन येतात ना, तसे. लोकांना वाटलं नमस्कार करतायत. एकानं फोटो काढला.

मी पाठीवर हात ठेवला. आत खुळखुळत होतं. खरंच, छातीत पाणी असल्यासारखं.

मनात म्हटलं, महादेवा, तुझ्या दारात आणून असं करू नको. मग वाटलं, तो कुठं काय करतोय, करतोय आम्हीच.

२० मे, संध्याकाळ

लगेच लिहून ठेवते.

उद्या परिक्रमेच्या पायथ्याला जायचं, म्हणून आज सगळ्यांची तपासणी नक्की. एकच लांब फळीचा ओटा, त्यावर सगळे ओळीनं पडलेले. सौर दिवा मिणमिणता. पासांग पलीकडच्या टोकापासून सुरू झाला. ह्यांनी गोधडीतून माझा हात ओढला.

बांगड्या वर सरकेनात. या हवेनं माझे हात सुजलेत, काल अंगठीसुद्धा रुतली होती. कासारणीनं घट्ट भरलेल्या, त्यात ही सूज. दाबून बघितल्या तर वाजल्या. बांगड्यांचा हात बाहेर काढला तर पासांग ओळखणार.

"काढ की," हे म्हणाले. बोलायला श्वास पुरत नव्हता.

"निघत न्हाईत."

"मग फोड."

माझा हात तिथंच थांबला.

हे आपल्या तंद्रीत बोलले. ह्यांच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. पण पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या आईच्या बांगड्या ओट्याच्या दगडावर फोडल्या, तो आवाज माझ्या कानात अजून आहे. आणि इथं माझाच नवरा, जांभळ्या ओठांनी, मला फोड म्हणतोय. कशासाठी? तो जिवंत आणि ठणठणीत आहे हे दाखवायला!

मी हात काढून घेतला. माझ्या गोधडीत, छातीशी धरला.

"ए. दे की."

"न्हाई देत."

"अगं आला त्यो."

"येऊ द्या."

पासांगची बॅटरी आली. ह्यांच्या गोधडीतून हात बाहेर येईना. त्यानंच हसत गोधडी बाजूला केली, हात घेतला, चिमटा लावला. हसू गेलं. चिमटा काढून पुसला, पुन्हा लावला. दुसरं बोट. मग बॅटरी ह्यांच्या तोंडावर मारली आणि कान छातीला लावला.

"सागा में तो ठीक था," तो म्हणाला.

मी उठून बसले. म्हटलं, "वो मेरा हाथ था."

पासांगनं मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. नुसतं माझ्याकडे बघितलं आणि ऑक्सिजनचं नळकांडं आणायला धावला. वत्सलाताई येऊन माझ्यामागे बसल्या. पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मास्क लावायच्या आधी हे एवढंच म्हणाले, "गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस."

२१ मे, सकाळ

उजाडताच निघायचं होतं, पण परवान्याच्या कागदावर कुणाची तरी सही हवी, साहेब अजून आलेले नाहीत. आमची बॅग गाडीत. गटातले बाकीचे कैलासाकडे निघाले. वत्सलाताईंनी जाताना मला मिठी मारली. "तुमच्या दोगांच्या नावानं मी डोकं टेकवीन. तुमी ह्यांना घेऊन जा."

पासांग आमच्याबरोबर येतोय. गट त्यानं दुसऱ्यावर सोपवला. तकलाकोटला दवाखाना आहे, जागा पण खालची. तिथून पुढे सरहद्द आणि नेपाळकडून हेलिकॉप्टर, ढग उघडले तर.

पासांगच्या फोनवरून विशालशी बोलले. पोरगा आधी रडला. मग म्हणाला, "आई, आचारी विचारतोय किती पानं धरू. पत्रिकेचं काय करू? ग्रुपवर रद्द म्हणून टाकू का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. डोळे मिटलेले, पण ऐकत होते. पापणी हलली.

म्हटलं, "आत्ता काहीच टाकू नकोस."

ह्यांनी मान भिंतीकडे वळवली. रात्रीपासून एक शब्द नाही माझ्याशी. पाण्याचा कॅन मात्र मी पायाशी ठेवला होता, तो हातानं चाचपून बघितला.

मी बरोबर केलं. हे मी दर थोड्या वेळानं स्वतःला सांगतेय. पण त्या रात्री सागात हात दिला नसता तर कालच आम्ही खाली असतो, हेही तितकंच खरं.

२१ मे, खिंडीच्या पायथ्याशी

गाडी थांबलीय. वर बर्फ पडलाय, यंत्र लावून रस्ता मोकळा करतायत. तकलाकोटला उतरायचं तर आधी ही खिंड चढायची. मला वाटत होतं खाली जायचं म्हणजे खालीच जायचं. आता अजून वर. इथंच ह्यांना श्वास नाही, तिथं काय असेल?

नळकांडं पुरेल का, विचारलं. पासांग म्हणाला, पुरेल. थोड्या वेळानं परत विचारलं तर म्हणाला, "भोलेनाथ हैं ना." त्यानं आधीचंच उत्तर दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

हे मागच्या सीटवर, डोकं माझ्या मांडीवर. गाढ झोपू द्यायचं नाही, बोलत राहा, असं बजावलंय. मी बोलतेय. म्हशीचं, रोपांच्या वाफ्याचं, पिरंगुटच्या चौकातल्या गर्दीचं, थोरल्या भावजींच्या गुडघ्याचं. हूं नाही की चूं नाही. मग माझंच बोलणं संपलं. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

गप्प झाले तसे ह्यांनी डोळे उघडले. घाबरलेले डोळे. ह्या माणसाला घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मास्क जरा बाजूला केला.

"हलीव," म्हणाले.

"काय?"

माझं डावं मनगट धरलं. "ह्यो हात. हलीव. वाजू दे."

मी हलवला. बांगड्या वाजल्या.

"हां. म्हंजी कळतंय मला... तू हायेस. मी हाय." मास्क परत लावला आणि डोळे मिटले.

तेव्हापासून डाव्या हातानं बांगड्या वाजवतेय, उजव्यानं लिहितेय. वही ह्यांच्या खांद्यावर टेकवलीय, श्वासाबरोबर वरखाली होते. वर येते तोवर बघत राहते. कधी कधी फार वेळ लागतो.

पुढची गाडी हलली. पासांग म्हणतो, चलो. आमच्या ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

चढ लागला. अक्षर आता नीट येत नाही. हात हलवतेय.