पोथीपुढचा पाट

पुष्पाअक्का,

मरताना अर्धवट पारायण माझ्या गळ्यात मारलंस. देवबीव मी मानत नाही, तरी वाचते. मारुती ऐकायला येतो म्हणून पोथीपुढे रिकामा पाट ठेवायचा, तोही ठेवते.

काल शेजारची हसीनाबी पुस्तक बदलायला आली. आम्ही एकमेकींच्या धर्माची पुस्तकं वाचून भांडतो. "हे घे, तुझ्या पोथीपेक्षा बरं," म्हणत ती पाटावर टेकली आणि ताडकन उठली.

"दिपा, पाट गरम लागतोय! आत्ता कोण उठलं इथून?"

"कोणी नाही."

ती गेल्यावर मी पाट हुंगला. मारुती कुठला! तुझ्या माक्याच्या तेलाचा वास होता.

एकच अध्याय उरलाय. वाचून संपला की ऐकणारा उठून जातो. मी वाचणारच नाही. बस तिथंच.

तुझी धाकटी,
दिपमाला, असोदा