बगीच्याचा कॉक

२६ डिसेंबर, अमरावती
आज निकाल लागला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, मोठ्या वयातला एडीएचडी, लक्ष टिकत नाही तो. म्हणजे बी.ए. दोनदा सुटलं, मोबाईल रिपेअरिंग सुटलं, पुण्याहून तीन आठवड्यांत परत आलो, यातलं काहीच माझ्यामुळे नाही. चोवीस वर्षं लोक मला आळशी म्हणत होते. किळस आली सगळ्यांची.
मॅडम पुढंही बोलल्या. गोळी सकाळी, कामं लिहून ठेवा, हे कारण आहे, सुट्टीचा अर्ज नाही, वगैरे. टेबलाच्या काचेखाली मुंगी अडकली होती, म्हणून नीट ऐकलं नाही.
संकल्प: रोज डायरी. रोज गोळी.

२९ डिसेंबर, नांदगाव खंडेश्वर
तीन दिवस डायरी सापडली नाही. गोळ्या अजून नाही सापडल्या.
घरी कागद दाखवला. बाबा म्हणाले, हे असं नाव ठेवलं कोनं? आई म्हणाली, ठेवू दे, पन पोरीवाल्याइले सांगू नको. व्हॉट्सअॅपवर नाव बदलून 'नितेश एडीएचडी' केलं. शेजारचे देवीदासकाका म्हणाले, भेटली काय रे शेवटी पदवी? काय लोक आहेत.

३० डिसेंबर
बाबा उद्या प्रणालीताईकडे अकोल्याला. मोतीबिंदूचं ऑपरेशन. आई सोबत. मागं मी.
बाबांनी लेक्चर दिलं. संत्र्याचा बगीचा ताणावर आहे. पाणी तोडलंय. झाडं चांगली तहानली, की मग पाणी द्यायचं, तेव्हा फूल येतं. मधेच पाणी मिळालं तर नुसता पाला, वर्षाचा बहार गेला. मला काय शिकवता, मी त्याच बगीच्यात मोठा झालो. तरी म्हणाले, मोटर हरभऱ्यापुरती. बगीच्याच्या पान्याचा कॉक पंधरा तारखेलोक उघडायचा नाई. तुले एकच काम हाय.
बोलता बोलता दुपट्ट्याला गाठी मारत होते. विसरू नये म्हणून. मोजल्या, सात. अकोल्याच्या दवाखान्यात हा माणूस गाठींचा दुपट्टा घेऊन बसणार. शी.

३१ डिसेंबर, सकाळी ९
दोघांना एसटीत बसवलं. काम सोपं आहे. शेतात येऊन बाईक धुवायला घेतली. बगीच्याचा पाईप जवळ पडतो, म्हणून कॉक उघडला. एका बादलीपुरता.

सकाळी ९.२०
मित्र शेखरचा फोन. अमरावतीला आमच्यासारख्यांचा ग्रुप भरतोय, आजच. निघालो. बाईक मळकीच राहिली, पण माणसं महत्त्वाची.

२ जानेवारी, अमरावती
ग्रुपमध्ये नऊ जण येणार होते, चार आले. त्यात एक पौर्णिमा, बँकेत कामाला. म्हणे मी गोळी घेते, अलार्म लावते, बाकी दिवसभर माझी वेगळी कामं असतात. शिसारी आली. आपल्याच माणसांशी गद्दारी. मी म्हणालो, मी म्हणजेच एडीएचडी. ती म्हणाली, मग नितेश कुठं गेला? उत्तर तयार होतं, पण चहावाल्याकडं पोपट होता.
शेखरच्या रूमवर राहतोय. शेताचं टेन्शन नाही. मोटरला ऑटो स्विच आहे, लाईन आली की आपोआप चालू.

६ जानेवारी, अकोला
बाबांना भेटलो. काळा चष्मा. कसा आहेस नाही, जेवलास काय नाही. पहिला शब्द, कॉक? मी म्हणालो, बंद. अगदी मनापासून म्हणालो. ताई म्हणाली, ऑपरेशनच्या टेबलावर पन हेच बडबडत होते, नितेशनं कॉक उघडला नाई ना. एवढा अविश्वास. न जेवता निघालो. पुन्हा अमरावती.

११ जानेवारी, नांदगाव
सकाळी देवीदासकाकांचा फोन. म्हणाले, तुमचा बगीचा लय हिरवागार दिसून राहिला बा, एकटाच. अभिमान वाटला. शेत बघायला गाडी काढली.
अभिमान शेताच्या धुऱ्यापर्यंत टिकला. बादली तिथंच होती. अकरा दिवस भरत होती. फांदीफांदीला पोपटी पालवी, कळी एक नाही. पलीकडं हरभरा वाळलेला, सगळं पाणी इकडंच आलेलं. चिखलात चप्पल रुतली, ती काढताना दुसरी रुतली. कॉक बंद केला. तिथंच बसलो. आज कोणाची किळस आली ते लिहीत नाही.

१३ जानेवारी
बाबा आले. बगीच्यात फिरले, प्रत्येक ओळीत. मी खिशातून मॅडमचा कागद काढून दिला. बाबांनी नव्या डोळ्यानं तो वरपासून खालपर्यंत पाहिला. इंग्रजी येत नाही. म्हणाले, याच्यात कॉक कुठी लिवला हाय?
मग म्हणाले, मले बी सारं इसरते. लहानपनापासून. मास्तर ढोर म्हने. मले कोनी नाव नाई सांगितलं याचं, म्हून गाठी माराव्या लागल्या.
मॅडमनी विचारलं होतं, घरात अजून कोणाला आहे का. मी म्हणालो होतो, नाही, मी पहिलाच.

१४ जानेवारी
व्हॉट्सअॅपवर फक्त नितेश. गोळ्या बाईकच्या डिक्कीत सापडल्या. सगळ्या.
आज बाबांनी बगीच्यात बोलावलं, माझा रुमाल घेतला, एक गाठ मारली, उद्याचं काम सांगितलं. हळू, एकदाच. तेवढ्यात धुऱ्यावरून मुंगूस गेलं.
रुमाल समोर आहे. गाठ घट्ट आहे. कशाची, ते विचारायला आत जायचं आहे. अजून गेलो नाही.