छबूचा ब्लॉक

सोमवार, ३ तारीख

पोचले एकदाची. जावईबापू स्वतः गाडी घेऊन आले, सामान उचललं, शिवाय, आई, आता इथंच राहायचं, असंही म्हणाले. खोली झकास आहे. ऊन थेट पलंगावर येतं, आणि पलंग इतका मऊ की उठायचं म्हणजे त्याच्याशी कुस्ती. खाली त्यांचं वर्कशॉप, वर घर. म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी घरात बसवायच्या छोट्या लिफ्ट बनवतात. नमुन्याची एक इथंच आहे, वर्कशॉपातून निघून माझ्या खोलीच्या दारापर्यंत येते. सध्या बंद. गेल्या वर्षी ती कोसळली तेव्हा आत माझी लेक होती. छबू.

मी हसतमुखानं चहा घेतला. रडायला आलेली नाही मी. चौकशीत जावई म्हणाला होता की चूक छबूच्याच प्रोग्रामात होती, स्वतःच्या हातानं गेली. लहानपणी पायरी उतरताना आधी पाय आपटून बघणारी पोर ती! तिच्या नावाला हा डाग कुणी लावला, ते बघायला आलेय. आणि पुसायलाही.

बुधवार, ५ तारीख

वर्कशॉपात एकच नोकर, चष्मेवाली. पोरगी गुणाची, पण बोलते तोंडातल्या तोंडात. मी विचारलं, दिवसभर चौकोन काय काढत बसतेस? म्हणाली, आजी, ही लिफ्टच आहे. खरी चालवण्याआधी खोटी चालवून बघायची. एक चौकोन म्हणजे मोटर, एक म्हणजे दोर, एक म्हणजे दार. बाण जोडले की पडद्यावर लिफ्ट वरखाली. चौकोनाला ब्लॉक म्हणतात. ब्रेकचा ब्लॉक मात्र पोकळ. ब्रेकची अक्कल छबूनं सी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेली, ती बाहेर, वेगळ्या फाइलीत. मूळ लिखाण कुठं सापडत नाही. उरलीय ती मशीनला कळेल अशी दळलेली फाइल, आणि पिठाचे परत दाणे होत नाहीत. म्हणजे आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. सोबत एक पान आहे, की आत वजन आणि वेग द्या, बाहेर ब्रेक लावायचा का नाही ते मिळेल. ब्लॉकनं तेवढं विचारायचं आणि ऐकायचं.

म्हणजे सून बाहेरून आणायची, कामाला जुंपायची, पण तिच्या मनात काय ते विचारायचं नाही, असं मी म्हणाले. ती हसली आणि लगेच पडद्याकडे वळली.

शुक्रवार, ७ तारीख

जावई सकाळपासून ब्रेकच्या ब्लॉकला छबूची फाइल जोडतोय. फाइल कुठं आहे ते सांगितलं, पान दिलं, बटण दाबलं, की लाल अक्षरं. नावं जुळत नाहीत. नावं जुळवली तर म्हणे फाइल जुन्या मशीनसाठी दळलेली. शिव्यांचा पाऊस. जेवताना मी साळसूदपणे विचारलं, तिच्या प्रोग्रामानं ती मेली म्हणता, मग तोच विकायला का काढलात? घास घशात अडकला. म्हणाला, आई, तुम्हाला यातलं कळत नाही. कळत नाही तर घटाघटा पाणी का पितोस बाबा?

संध्याकाळी लाल अक्षरं गेली. जोडली गेली ती.

सोमवार, १० तारीख

पडद्यावरची लिफ्ट पडते. नेहमी नाही. कुठलंही वजन घाला, गुमान चालते. एका आकड्याला मात्र धाडकन खाली. आणि दर खेपेला जास्त उंचावरून. चष्मेवालीचा रंग उडालाय. म्हणाली, बटण दाबलं की सगळे ब्लॉक मागचं विसरून कोऱ्या पाटीनं सुरू होतात. बाहेरची फाइल त्यांच्या ताब्यातली नाही. ती मनात ठेवते ते ठेवतेच.

मग मला जिन्याखाली ओढून तिनं उरलेलं ओकलं. त्या दिवशी लिफ्ट झटपट चालावी म्हणून जावयानं छबूचा ब्रेक मधून काढला होता. छबू नको म्हणाली होती, यानं गुपचूप काढला. ती पडल्यावर परत जोडला आणि बोट तिच्याकडे दाखवलं. हिनं नोकरी जायच्या भीतीनं तोंड शिवून घेतलं. मी तिला तिच्या कामाला परत पाठवलं. माझा राग मी वाटत फिरत नाही.

मंगळवार, ११ तारीख

आकडा कुणाचा ते कळलं. जावई रोज सकाळी न्हाणीघरातल्या काट्यावर उभा राहून आपलं वजन ओरडून सांगतो. तोच आकडा. बायकोला नवऱ्याचं वजन ठाऊक असणारच, विजारी तीच सैल करायची.

आता त्याचं ताट मीच वाढते. जास्त नाही, कमी नाही. आकडा हलता कामा नये.

गुरुवार, १३ तारीख

खरी लिफ्ट चालू केली. चष्मेवाली बसली, बाहेरून बोलावलेला दुरुस्तीवाला बसला, लोण्यासारखी गेली. मग वरच्या मजल्यावरून जावई एकटा शिरला. दार मिटायच्या आत पायाखालची फळी सरकली. उडी मारून बाहेर पडला, गुडघे फोडून घेतले. लिफ्ट दोन हात खाली जाऊन थांबली. वाट बघितल्यासारखी.

मलम मी लावलं. 

शनिवार, १५ तारीख

त्याला कळलंय, लिफ्ट आपल्याच वजनाला पडते ते. आज मला आत घेऊन बसला — नीट गेली. परत गेलो, नीट. आईला कशी पाडेल ती, असं हसत म्हणाला. मंगळवारी गिऱ्हाइकांना लिफ्ट दाखवायचीय, आणि आता माझ्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. आकडा बदलायला पोतं घेऊन बसला तर गिऱ्हाईक हसेल, म्हातारी घेऊन बसला तर गहिवरेल. मी शोभेचं पोतं.

माझ्या चपला दिसत नाहीत. घरी जाते म्हटलं, तर गिऱ्हाईक होऊन जाऊ दे म्हणाला.

रविवार, १६ तारीख

दुपारी लिफ्ट आपणहून माझ्या दाराशी आली. उघडली. आत कुणी नाही. मिटली. पुन्हा उघडली —

मी आत गेले नाही. लेकीला भ्याले.

सोमवार, १७ तारीख

चष्मेवाली धावत आली. पडद्यावर आता आणखी एका आकड्याला पडते — पार वरून. त्याचं वजन आणि माझं. दोन्ही मिळून.

छबू मलाही मोजतेय. सूड म्हणून — की माझी परवानगी मागतेय?

त्याला सांगितलेलं नाही. मीही नाही, तिनंही नाही.

मंगळवार, १८ तारीख

मी लिफ्टमधल्या घडीच्या खुर्चीवर. वही हातात असू दे, घरगुती दिसतं, जावई म्हणाला. चष्मेवालीनं पान्या-हातोड्यांची पिशवी मांडीत कोंबली. कानात म्हणाली, सोडू नका आजी, आकडा जुळणार नाही — वाचाल —

वर आलो. नीट. गिऱ्हाइकं दारात उभी. तो उंबऱ्यावर उभा राहून सांगतोय — माझ्या बायकोनं केलेली चूक होती, मी दुरुस्त केली — माना डोलवताहेत —

पिशवी पायानं बाहेर सरकवली. त्याचं लक्ष नव्हतं.

तो आत आला, दार मिटलं. पायाखालची फळी हलली, तेव्हा कुठं आतल्या पाटीवरचा वजनाचा आकडा बघितला त्यानं — हात धरलाय माझा, ओला गार — आई, पिशवी कुठंय, पिशवी —

छबू, मी आहे म्हणून थांबू नको ग. माझी पर