आबांच्या मागावरचा उजेड

४ फेब्रुवारी १९३४, पाटोदा
पुण्याहून ग्रॅज्युएट होऊन आले त्याला आठ दिवस झाले. गल्लीतल्या बाया अजून मला बघायला येतात.
संकल्प : आबांच्या हातमागावर एक पडदा विणून घ्यायचा. रंग नाही, जर नाही. कुठे विरळ वीण, कुठे घट्ट. उन्हात धरला की भिंतीवर नक्षी पडावी. कापड म्हणजे उजेडाची चाळणी! ही थिअरी माझी स्वतःची. एप्रिलमध्ये पुण्याच्या एक्झिबिशनला पाठवायचा.

७ फेब्रुवारी
आबांना डिझाइन दाखवलं. त्यांनी कागद बोटांनी चाचपला आणि परत दिला. म्हणाले, "तू बोलून सांग, मी विणतो." जुन्या कारागिरांना कागदाचा कंटाळाच.
आई म्हणते, दिवाळीपासून त्यांना दिसेनासं झालंय, अंबाजोगाईच्या हकिमाकडं न्यायला पायजे. माझ्या मते दोष खोलीचा. माग खड्ड्यात, खोलीला खिडकी नाही. अशा अंधारात कुणाला दिसेल?

११ फेब्रुवारी, सकाळ
भिंत फोडून खिडकी पाडली. शेजारचे धुळाजीकाका, तेही विणकरच, दारात उभे राहून आबांना म्हणाले, "हरिबा, तुझी बॅरिष्टर लेक खिडकी कावून पाडती रं? मागाला ओल लागती. सूत काय पुण्याला शिकून आलंय का, कोरडं वारं सोसायला?" सगळे हसले. आबासुद्धा. मी व्हेंटिलेशनवर पंधरा मिनिटं बोलले.

१२ फेब्रुवारी
ताण्यातल्या उभ्या सुताच्या एकोणीस तारा तुटल्या. योगायोग.

१६ फेब्रुवारी
आज सत्तेचाळीस. आबा तुटलेली टोकं शोधत राहतात, सापडत नाहीत. आई बाजूला बसून जोडून देते. प्रश्न सवयीचा आहे. महिनाभर उजेडात बसले की डोळे सरावतील. आईला स्पष्ट सांगितलं, हकीम एक्झिबिशननंतर. ती म्हणाली, "तू शिकलेली हायेस, बाई. तुझंच खरं." बरं वाटलं.

२ मार्च, दुपारी
ऊन थेट मागावर येतं. फार सुंदर. आबांनी विचारलं, "सांज झाली का गं?" हल्ली विनोद करतात.

९ मार्च
मला न विचारता आई त्यांना बैलगाडीनं अंबाजोगाईला घेऊन गेली. चार दिवस काम बंद. आज परत आली. हकीम म्हणाले म्हणे, महिनाभर आधी आणलं असतं तर एक डोळा राहिला असता.
हकिमांकडे कुठली डिग्री आहे, ते आईला विचारलं. ती भाकरी थापत राहिली.
मी जेवले नाही.

१७ मार्च
पडदा झाला. आई तारा जोडत गेली, आबा विणत गेले. एकही गाठ वर दिसत नाही.

१८ मार्च, सकाळी नऊ
ऊन चांगलं होतं. आबांचा हात धरून त्यांना खिडकीसमोर आणलं. म्हटलं, "आबा, बघा."
ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "लई झाक, लेकी. अक्षी चांदण्या सांडल्यावानी नक्षी पडलीया. चीज झालं तुझ्या शिक्षणाचं."
पडदा माझ्याच हातात होता. मी अजून त्याची घडीही मोडली नव्हती.