कप्पा चारमधील गोळी कप्पा नऊच्या दुखण्यास मिळणेबाबत

प्रति,
मा. औषधभांडार अधिकारी,
सरकारी रुग्णालय.

विषय : फिट्सच्या गटातील औषध चेहऱ्याच्या दुखण्यासाठी मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व आपले एकच उत्तर.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, माझ्या पत्नीच्या उजव्या गालातील नस दुखते. वारा लागला, घास चावला किंवा एक शब्द बोलला, की कळ मस्तकात जाते. तिला एकाच गोळीने उतार पडतो. गोळी मुळात फिट्सची, पण या दुखण्यावरही हीच चालते, असे आपल्याच डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले आहे. बाहेरच्या दुकानांत ती येत नाही.

२. नव्या यादीत 'एक औषध, एक गट' असे ठरले. गोळी कप्पा चारमध्ये, फिट्सच्या गटात गेली. पत्नीचे दुखणे मात्र कप्पा नऊमध्ये, वेदनांच्या गटात राहिले. खिडकीवरील बाई म्हणतात, "काका, गोळ्या डब्यात नुसत्या पडून आहेत हो, पण काकूंना फिट्स कुठे येतात?"

३. नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. मी एकतीस वर्षे ग्रंथालयात पुस्तके विषयवार लावली. परंतु एखादे पुस्तक दोन विषयांत बसले, तर दुसऱ्या कपाटात आम्ही कार्ड ठेवत असू : 'पाहा : कपाट अमुक'. तसे कार्ड मी स्वखुशीने लिहून कप्पा नऊवर लावले. ते अनधिकृत लिखाण म्हणून काढण्यात आले. अक्षर चांगले आहे, एवढे शिपाईदादा म्हणाले.

४. अपवाद हवा असल्यास रुग्णाने समक्ष येऊन दुखणे तोंडी सांगावे, असे आपले उत्तर आले. त्यानुसार पत्नीस आणले. तिने तोंड उघडले आणि गाल धरून ती खिडकीखाली बसली. नोंदवहीत 'रुग्णाने काही सांगितले नाही' अशी नोंद झाली. साहेब, तिथे मी हात टेकले.

५. तरी माझ्या कार्डास मंजुरी मिळावी. ते जमत नसल्यास गोळी आहे तिथेच राहू द्यावी आणि माझ्या पत्नीस कप्पा चारमध्ये घ्यावे. तिला फिट्स येतात, असे लिहून देण्यास मी तयार आहे. आजवर मी एकही पुस्तक चुकीच्या कपाटात ठेवलेले नाही.

आपला नम्र,
(सही)
रुग्णाचा नवरा, निवृत्त ग्रंथालय सहायक
दिनांक : दुसऱ्या अर्जानंतरचा सदतिसावा दिवस

सोबत :
१. डॉक्टरांची चिठ्ठी.
२. कार्ड, शिक्क्यापुरती जागा सोडून.
३. पत्नीने पाटीवर लिहिलेल्या मजकुराची नक्कल : "खोटं तर खोटं, द्या लिहून. मला एकदा नातीला हाक मारायचीय."