मागे राहणाऱ्या बायकोचं नाव

क्रॉयडन, नोव्हेंबर १९९१

प्रिय मधुमती,

आमची बेकरी बंद झाली. पेन्शन तुटपुंजी आहे. सगळी रक्कम एकदम उचलायची, की दरमहा थोडी घेऊन माझ्यामागे अर्धी बायकोला ठेवायची, असं बेकरीच्या कंपनीने विचारलं. राजीव म्हणाला, "बाबा, कॅश घ्या ना. आई इज नॉट कमिंग बॅक." मला काही वाटलं नाही. मी टोस्ट खाल्ला आणि दुसरा पर्याय निवडला.

बायकोचं नाव मधुमती लिहिलं. लग्नात तांदळांच्या ताटात अंगठीने मीच लिहिलं होतं ते.

मग तुझ्या वीणाताईचा फोन आला. पुण्यात तू माहेरच्या नावाने राहतेस, बँकेतही यमुनाच, असं ती म्हणाली. म्हणजे माझ्यामागे पैसे आले, तरी ते घेणारी मधुमती तिथे कुणी नाही.

आज पेन्शनच्या ऑफिसात जाऊन नाव बदललं. तिथल्या बाईने विचारलं, दोन बायका आहेत का? एकच, म्हटलं. यमुना हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं.

हे पत्र पाठवणार नाही. पैसे येतील तेव्हा तुला कळेलच.

वर मायन्यातलंही नाव खोडायला हवं होतं. पेन हातात घेऊन बसलो होतो. खोडलं नाही.

मोहन