म्हणे लावलं की झालं

सर, आमच्या जुन्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा फोटो लावला आहे. निरोप समारंभातला, गळ्यात हार आणि चष्मा थोडा तिरपा. तुम्ही गेलात तेव्हा तेल्हाऱ्यात फोन मोजक्याच घरांत होते, म्हणून ग्रुप म्हणजे काय ते सांगते. शाळा सुटल्यावर आम्ही फाटकाशी घोळका करून उभे राहायचो आणि तुम्ही ‘घरी जागा नाही काय रे तुमाले?’ म्हणून हाकलायचात. तोच घोळका, फक्त आता तो दिवसभर सुटत नाही आणि त्याला हाकलणारं कोणी नाही. मी तुमच्यावर चिडले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे जुनी विद्यार्थिनी आठवण काढतेय म्हणून तुम्हाला उगाच बरं वाटायला नको.

आठवीतली ती सकाळ आठवते का? मी धावत वर्गात आले आणि ओरडले, ‘सर, चांदूर रेल्वेजवळ गाडी घसरली, लई लोक मेले!’ तुम्ही खडू खाली ठेवता. ‘तुनं पाह्यली काय वं?’ मी म्हणते, नाही. ‘मंग कोनं सांगतलं?’ आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक सांगत होतं. ‘मंग म्हणे लाव. लोक मेले म्हणे. आपल्या भाषेनं येवढा चांगला शब्द देल्ला, अन् तू तो घरी ठिऊन येतं?’ वर्ग खदाखदा हसला. पुढं आठवडाभर पोरं ‘सर, घंटा झाली म्हणे’ असं म्हणून तुम्हाला छळत होती, आणि तुम्ही खूश होतात. गाडीचं काय झालं होतं म्हणाल, तर काहीच नाही. मालगाडी तासभर सिग्नलला उभी होती, एवढंच.

आणखी एक दिवस आठवतो, तो तुम्हाला नसेल आठवत. सीमेवर लढाईची बातमी होती आणि तुम्ही पेपर माझ्या हातात दिलात. एवढ्या वर्गात मलाच का उभं केलं, हे मला कळलं नव्हतं असं समजू नका. मी वाचलं. तुम्ही सगळ्यांकडं बघत म्हणालात, ‘पाहा, कसं शुद्ध वाचते!’ मुसलमान गादीवाल्याची पोरगी शुद्ध मराठी वाचते, याचं ते कौतुक होतं. त्या कौतुकाचा मला राग आला होता आणि आज अमरावतीत मी स्वतः मराठी शिकवते तरी तो गेलेला नाही.

ग्रुपवर सकाळपासून युद्ध चालू असतं. ज्याच्या हाती पिशवी देताना बायको दोनदा बजावते, की भेंडी कोवळी बघून आण, तो कोणत्या देशानं कुठं बॉम्ब टाकावा ते सांगतो. निवडणूक जवळ आली की एका बाकावर बसलेले एकमेकांची आई-बहीण काढतात आणि दुपारी एकमेकांना वाढदिवसाचा केक पाठवतात. यंदा बोंडअळीनं अर्ध्या तालुक्याची वावरं खाल्ली. एका बिचाऱ्यानं विचारलं, तुमच्याकडं कापसाला काय भाव निघून राह्यला? त्याला उत्तर आलं, ‘देश लढून राह्यला, अन् तुले कापसाचं पडलं?’ त्यानं माफी मागितली. खरंच मागितली, सर.

मग सीमेवर आपले जवान मारले गेले. बातमी संध्याकाळी आली. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलींसमोर मला धडा पुढं वाचता येईना. त्याच दुपारी तुमच्या लाडक्या मॉनिटरनं, ज्याचं आता अकोल्यात कृषी केंद्र आहे आणि ज्यानं हा ग्रुप काढला, त्यानं लिहिलं, ‘तेल्हाऱ्यात काल गादीवाल्याकडे मिठाई वाटली म्हणे.’

गादीवाला म्हणजे माझा भाऊ. आदल्या दिवशी सकाळी त्याच्या सुनेला मुलगी झाली होती. मुलगी झाली की वाटतात तशी त्यानं गल्लीभर बर्फी वाटली, बातमी यायच्या कितीतरी आधी. ती खाल्लेले लोक ग्रुपवर आहेत. त्यांनी लाल तोंडाच्या रागीट चेहऱ्यांच्या रांगेत आपलाही एक चेहरा लावला. मी लिहिलं, नात झाली म्हणून बर्फी वाटली, मला माहीत आहे. तर ग्रुपवरून उत्तर आलं, ताई, भावनिक होऊ नका, जन्माचा दाखला टाका. ज्यानं काहीच पाहिलं नव्हतं त्याला कोणी काही विचारलं नाही. दाखला माझ्याकडं मागितला.

आपल्याकडं पोरीच्या आंदणात गादी देतात आणि जमलं तर ती घरच्या कापसाची भरतात. अळीच्या तोंडातून उरलेला, बायांनी निवडून निवडून वेगळा काढलेला कापूस लोकांनी भावाच्या दुकानात आणून टाकला होता. ग्रुपवरचं ते गावभर फिरलं आणि लोक तो कापूस परत न्यायला आले. पिंजलेला, अर्धा पिंजलेला, तसाच. एक म्हातारी म्हणाली, ‘आमचं काई नाई भाऊ, पोट्टे आयकत नाई.’ भावानं प्रत्येकाचं गाठोडं स्वतःच्या हातानं बांधून दिलं. आमच्या अब्बांपासून चालत आलेल्या दुकानात लग्नसराईच्या तोंडावर खाली नुसती सतरंजी उरली.

मी मॉनिटरला फोन केला. शिव्या देणार होते, तयारी करून बसले होते. तो एकदम शांत. म्हणाला, ‘मी कुठी म्हटलं वं वाटली म्हणून? म्हणे लावलं ना मी. सरांनंच तं शिकोलं होतं आपल्याले.’ आणि हसला. मी फोन ठेवला.

तर हे तुमचं पीक आहे, सर. माणूस खोटं बोलायला कचरेल म्हणून तुम्ही आम्हाला तो शब्द दिलात, आणि तुमच्या सगळ्यात हुशार विद्यार्थ्यानं नेमका तोच वापरून, व्याकरणाची एकही चूक न करता, माझ्या भावाचं दुकान रिकामं केलं. तुम्हाला शुद्ध बोलणारी माणसं हवी होती. मिळाली. न पाहिलेलं सांगताना म्हणे लाव, एवढंच शिकवलंत. न पाहिलेलं सांगूच नको, तोंड बंद ठेव, हे एकदा तरी म्हणाला असतात! पण शब्दावर तुमचा फार जीव. माणसांकडं तुम्ही शब्दांच्या पलीकडं कधी पाहिलंत का, मला शंका आहे.

हे सगळं ग्रुपवर, तुमच्याच फोटोखाली टाकायचं म्हणून मी लिहायला बसले होते. टाकणार नाही. ग्रुपच सोडते म्हणून मी भावाला फोन केला होता, तर तो घाबरला. ‘मत छोड. वहाँ अपने बारे में क्या चल रहा, मालूम तो पडना. और तू निकल गई तो बोलेंगे, देखो, निकल गई.’ दुकान अजून उघडतो तो, रोज झाडतो आणि बसून राहतो.

म्हणून मी ग्रुपवर आहे. रोज सकाळी त्या सगळ्यांना गुलाबाचं फूल पाठवते, खाली तिरंगा असलेलं. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून नाही, सर. मी अजून इथंच आहे, हे सगळ्यांच्या लक्षात यावं म्हणून.